इथेनॉलचा हिशेब पंपापासून कशाला सुरू करता?

दिवाळीपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘इथेनॉल म्हणजे शेतातलं पेट्रोल! परकीय चलन वाचतं, तोडकऱ्याला काम मिळतं, मळी तशी वायाच जायची. नुकसान कुणाचंच नाही!’ पाठवणाऱ्यांतले दोघे सध्या उसाच्या फडात आहेत, म्हणजे कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, बसूनच पुढे ढकलला असणार.

परकीय चलनाचं खरं आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते 2025 मध्येच गाठलं. तेवढं तेल बाहेरून आणायचं वाचलं. त्यावर माझा वाद नाही.

‘तोडकऱ्याला काम मिळतं.’ मिळतं की. कसं मिळतं ते बघा. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणी-केजच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात. उचल मिळते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बहुतेक ती बांधते, आणि रात्री दोनला ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढते. वहीत नाव मात्र नवऱ्याचं. आजारपणात खाडा पडला की दंडही त्याच नावावर.

एखाद्या वस्तूचा माणसांवर काय परिणाम होतो, हे तिच्या जन्मापासून शेवटापर्यंत मोजायची एक पद्धत आहे, सामाजिक जीवनचक्र मूल्यमापन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिची मार्गदर्शिका 2009 मध्ये काढली, 2020 मध्ये सुधारली. कामगार, आसपासची वस्ती, ग्राहक, पुरवठ्याच्या साखळीतले लोक आणि एकूण समाज, यांतल्या कुणाला काय मिळालं, कुणी काय सोसलं ते टप्प्याटप्प्याने मांडायचं. 2020 पासून त्यात मुलंही वेगळी धरतात. बऱ्याचदा सुरुवात होते ती वस्तूमागे कामाचे किती तास गेले इथून. आता कोयत्याचे तास लावून दाखवा! मजुरी टनावर, त्यामुळे तास कुणी मोजत नाही. आणि बाई तर अर्ध्या कोयत्यात विरघळलेली. जिचे तासच कागदावर नाहीत, तिचं नुकसान कागदावर कुठून येणार?

तरी एकदा आलं. 2019 मध्ये सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. फडात आडोसा नाही, धड पाणी नाही, पाळीत खाडा परवडत नाही. ‘कुणाचंच नाही’ लिहिणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

‘मळी वायाच जायची.’ साखर काढून उरलेला पाक तो. वाया कधी जायचा? दारूच्या डिस्टिलऱ्या ती पूर्वीपासून पैसे मोजून नेतात. शिवाय इथेनॉल आता थेट उसाच्या रसापासूनही होतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने त्यावर बंधन घातलं, कारण साखर कमी पडायची भीती होती. टाकाऊ मालाने कुठे साखर कमी पडते का? ज्या मालातून कारखाना कमावतो, त्याच्या वाट्याला फडातल्या कष्टाचा हिस्साही लावावाच लागतो.

पाण्याचं तर लातूरकराला सांगायची गरज नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे 2,860 लिटर पाणी धरलंय. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत कोण उभं होतं? मेसेजवाल्याच्या हिशेबात ती बाईसुद्धा नाही.

यावर ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं, “मग हार्वेस्टर आणा, तोडच बंद!” आणा. पण हीच पद्धत तेव्हा दुसरा रकाना उघडते: उचल फिटायच्या आधी काम गेलं तर ती कोण फेडणार? मला इथेनॉल बंद करायचं नाही. वहीत बाईचं नाव वेगळं लावा, टनाच्या दरातला तिचा हिस्सा तिच्या खात्यावर टाका, फडाजवळ संडास आणि पाण्याची टाकी द्या. मग लिटरचा हिशेब मांडू.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. फडातल्या दोघांपैकी एकाचं उत्तर रात्री पावणेदोनला आलं: “सर, गाडी भरायला आलीय. सकाळी वाचतो.”