कपाटावरचं नेटवर्क

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वायफायने मान टाकली. कपाटावर क्रोशाच्या रुमालाआडून राउटरचा हिरवा उजेड दिसत होता, पण प्रिंटर 'ऑफलाइन', टीव्हीवर चक्र गरगरतंय आणि लॅपटॉप दर दहा मिनिटांनी मला ओळख दाखवेनासा झालेला.

हेल्पलाइनवरच्या मुलाने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. भिंतीवरचं बटण दाबलं.

"सर, मध्ये दहा सेकंद थांबलात का?"

सातच थांबलो होतो. पुन्हा केलं. परिस्थिती जैसे थे.

मग मीच बाह्या सरसावल्या. मोबाइलवर ॲप उतरवलं, तर बिल्डिंगमधली एकवीस नेटवर्कं दिसली. वायफायच्या लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल, म्हणजे मार्ग, तीनच: १, ६ आणि ११. आमचा अख्खा मजला ६ वर, ८:१२ च्या लोकलला लोंबकळल्यासारखा. मी ११ वर उडी मारली. तासभर बसायला जागा मिळाली, मग पुन्हा तेच.

मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो असं कळलं, म्हणून त्याच्यावर बंदी घातली. ही म्हणाली, "मग अहो, तुमचा चहा राउटरवर गरम करू का?" (हात लावून पाहिल्यावर कल्पना अगदीच वाईट वाटली नाही.) ५ गिगाहर्ट्झ पाहिलं. हॉलमध्ये सुसाट, पण दोन भिंती मध्ये आल्या की धापा टाकतं.

शेवटी स्टूल घेऊन कपाटावर डोकावलो. राउटरच्या पुढ्यात पत्र्याचे दोन मोठे डबे, तटबंदीसारखे! पत्रा म्हणजे वायफायच्या लहरींना नाकाबंदीच. एक डबा उघडला. बेसनाचे लाडू. माझ्या साखरेचा रिपोर्ट आल्यापासून फराळ कुठे ठेवतात, याचा मला पत्ता नव्हता.

खालून आईचा आवाज, "सापडलं का रे?"

"हं," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

"किती सापडले?"

"दोन."

दुसऱ्या दिवशी डबे तिथून गायब. तेव्हापासून नेट पाण्यासारखं वाहतंय, टीव्ही अडखळत नाही, लॅपटॉप ओळख ठेवून आहे. काल संध्याकाळपासून फक्त प्रिंटर तेवढा पुन्हा 'ऑफलाइन' दाखवतोय.

सगळे झोपले की त्याच्या मागे हात घालून बघतो.