घरपट्टी भरणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

बिल हातात पडलं की फक्त तळाची बेरीज बघावी. वरचे रकाने वाचू नयेत. मी परवा वाचले आणि 'शिक्षण कर' या ओळीपाशी अडकलो, कारण त्याच सकाळी मुलीच्या पालिका शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज आला होता : 'वर्गात दोन पंखे बसवायचे आहेत, पालकांनी यथाशक्ती सहकार्य करावे. मुलांनी पैसे पाकिटात घालून, वर नाव लिहून आणावेत.'

आता चौकशीला कर संकलन कार्यालयात जाऊ नये. 'तो राज्याचा कर, आम्ही फक्त गोळा करून पुढे भरतो,' एवढंच ऐकायला मिळतं. आणि ते खरंही आहे, 1962 चा कायदाच तसा आहे. शाळा म्हणते प्रस्ताव पाठवलाय. कुठे पाठवलाय, ते विचारू नये.

कर वेळेत भरू नये. दंड माफ करणारी अभय योजना येतेच.

घर घ्यायचंच तर मुंबईत, 500 चौरस फुटांच्या आत घ्यावं. पालिका निवडणूक तोंडावर असताना, 2022 च्या पहिल्याच दिवशी तिथल्या अशा घरांचा मालमत्ता कर माफ केल्याची घोषणा झाली. ते जमत नसेल तर पुण्यात स्वतःच्या घरात राहावं. तिथली 40 टक्के सवलत काढून घेतली होती, ती बोंबाबोंब झाल्यावर 2023 मध्ये परत आली. कोण म्हणतं ओरडून काही होत नाही?

पंखा फारच हवा असेल तर शाळा दत्तक द्यावी. त्याच 2023 मध्ये सरकारने तशी योजनाच काढली. 5 किंवा 10 वर्षांसाठी शाळा एखाद्या कंपनीने सांभाळायची, वाटल्यास शाळेला आपलं नाव जोडायचं. बाप जिवंत आहे, कमावता आहे, दरसाल शिक्षणाच्या नावाने पैसे घेतोय, आणि पोर मात्र दत्तक! उद्या प्रार्थनेआधी जाहिरातही म्हणून घ्या मुलांकडून. अहो, पंखा मागतोय आम्ही, एसी नाही! चाळीस पोरं पत्र्याखाली बसतात एप्रिलमध्ये!

आणि तुम्ही हसू नका. सवलतीची बातमी दहा ग्रुपवर तुम्हीच फिरवलीत. तिच्यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं गेली. वॉर्डातल्या शाळेसाठी एक तरी अर्ज केलात? तिच्या नळाला पाणी येतं का, ठाऊक आहे? आपली पोरं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवली की संपलं, नाही का? शाळा ओस पडली की 'पटच नाही' म्हणायला मोकळे. आता मतं मागायला कुणी दारात आला, तर शिक्षण करातले किती पैसे आपल्या शाळेत आले ते विचारा. आकडा सांगेपर्यंत चहा टाकू नका.