नवरा पोर्तुगीज नागरिक, बायको भारतीय: त्या मेसेजमधलं काय खोटं आहे

गोव्यात फिरणारा मेसेज असा: "नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर भारतीय बायकोला युरोपात कुठेही कायमचं राहता येतं. व्हिसा एजंटला पैसे मोजल्याशिवाय होत नाही. घटस्फोट झाला की देश सोडावाच लागतो."

"कुठेही" चूक आहे. युरोपियन युनियनचा 2004 चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना पाळावा लागणारा नियम, लागू होतो तो युनियनचा नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तेव्हा. नवरा आयर्लंडला किंवा जर्मनीत असेल तर बायकोला त्याच्यासोबत राहायचा हक्क आहे. तो लिस्बनलाच राहत असेल तर सहसा पोर्तुगालचा स्वतःचा कायदा चालतो. ब्रिटन तर 2020 अखेरपासून यात नाहीच, तरी अजून तिथल्या स्विंडन शहराची स्वप्नं विकली जातात.

"कायमचं" हेही लगेच नाही. तीन महिन्यांपुढे राहायचं तर नवऱ्याला नोकरी किंवा धंदा हवा, नाहीतर पुरेसा पैसा आणि आरोग्य विमा. कायम वास्तव्याचा हक्क सलग पाच वर्षं कायदेशीरपणे राहिल्यावर मिळतो.

एजंटचं म्हणाल तर, हा प्रवेश व्हिसा मोफत असतो आणि तो लवकरात लवकर द्यावा असं निर्देशातच लिहिलं आहे. फुकटच्या हक्कासाठी लोक दागिने गहाण टाकतात, याची चीड येते.

सगळ्यात घातक आहे घटस्फोटाबद्दलचं वाक्य. या भीतीने बायका मार खात राहतात. लग्न निदान तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही राहता येतं. घरात मारहाण झाली असेल किंवा मुलांचा ताबा तिच्याकडे असेल, तर तीन वर्षांची अटही नाही. मात्र पुढे स्वतःची कमाई किंवा पुरेसा पैसा दाखवावा लागतो.

इथे एक खाच आहे. घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्याआधीच नवरा देश सोडून गेला तर हा हक्क जाऊ शकतो, असं युरोपियन न्यायालयाने 2015 मध्ये आयर्लंडमधल्या प्रकरणांत सांगितलं. मारहाणीच्या प्रकरणांत त्याच न्यायालयाच्या 2021 च्या निकालाने सवलत दिली, पण घटस्फोटाचा अर्ज वाजवी मुदतीत हवा. म्हणून नवरा निघून जाण्याची भाषा करू लागला की थांबू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा. लग्नाचा दाखला, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा आणि पोलीस तक्रारीची प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा.