पडला तरच बातमी?

आत्ता जेवताना बातम्या लावल्या होत्या. क्रीडाविशेष म्हणे! एक क्रिकेटपटू विमानतळाबाहेर आला, गाडीत बसला, गाडी निघाली. हेच तीनदा. मग जाता जाता कुठल्याशा रेसमधला अपघात, स्लो मोशनमध्ये, वर धडाम् आवाज. रेस कुठली, जिंकलं कोण, एक अक्षर नाही. डोकंच फिरलं.

पुण्यात सहकारनगरला आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा मोटोक्रॉस खेळतो, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची बाईक रेस. मागे एका स्पर्धेत तो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत आला, चॅनलवाले शूटिंगही करून गेले. काकूंनी अख्ख्या सोसायटीला पोह्यांना बोलावलं. बातमी लागली, तर तिच्यात दुसराच मुलगा. पडताना. काकू म्हणाल्या, "आमचा पडला नाही ना, म्हणून नसेल दाखवला."

जानेवारी २०२४ मध्ये केरळच्या हरिथ नोआने डकार रॅलीत बाईकचा रॅली-२ गट (सगळ्यात वरच्या गटाच्या खालचा) जिंकला. सौदीच्या वाळवंटात दोन आठवडे, रोज शेकडो किलोमीटर बाईक चालवून एकूण क्रमवारीत अकरावा! किती जणांच्या घरी टीव्हीवर दिसला? हात वर करा.

रॅली दाखवणं अवघड असतं, गाड्या एकेक करून सुटतात, वरून हेलिकॉप्टर लागतं. बरं, मान्य. पण सुपरक्रॉसचा, म्हणजे मोटोक्रॉसच्या छोट्या भावाचा, ट्रॅक स्टेडियममध्ये मावतो. त्याच जानेवारीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी आपल्या बालेवाडीत झाली. इथून तिथे ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) न्यायला कितीसं डिझेल लागतं हो?

"लोक बघत नाहीत" म्हणे. २०१४ आधी टीव्हीवर कबड्डी कोण बघत होतं? लीग आली, संध्याकाळची वेळ मिळाली, चांगले कॅमेरे लागले, आणि आता पुणेरी पलटणसाठी आपणच घसा फोडतो. जाहिरातीचा पैसा क्रिकेटलाच मिळतो, हे खरंय. असेल.

फॉर्म्युला वनसुद्धा २०२३ मध्ये स्टार स्पोर्ट्सवरून गेली. आता ॲप घ्या, पैसे भरा. आपण भरू. काकूंचं काय? त्यांना रिमोटवरचा नंबर पाठ आहे, बास.

बातम्या कापणाऱ्या पोरांवर राग नाही माझा. रात्रपाळीत तीस सेकंद भरायचे असतात त्यांना. पण वर बसलेल्यांनी एकदा त्या पोह्यांना यायला हवं होतं. काकू अजून संध्याकाळी क्रीडा बातम्या लावतात, आणि मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "आई, बंद कर गं ते!"

आणि हो, "बाईकवाली पोरं म्हणजे छपरी" अशी कमेंट टाकणार असाल तर आधी मला अनफ्रेंड करा. कल्टी.