नफ्याच्या आधी रोकड मांडा
तुमच्या लेखात धंद्याचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून येत्या पाच वर्षांच्या नफ्याचा आलेख काढायला सांगितलंय. माझं कळकळीचं म्हणणं, आधी महिन्यागणिक रोकड, म्हणजे हातात किती पैसा येणार नि किती जाणार ते, मांडा. आमच्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग करणाऱ्याला ऑर्डर दुप्पट मिळाली की पोलाद आणि मजुरीचा पैसा आधी जातो. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला मार्चच्या बिलांवरचा जीएसटी २० एप्रिलपर्यंत द्यावाच लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत. २००६च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात गिऱ्हाइकाला पैसे चुकते करायला जास्तीत जास्त ४५ दिवस दिलेत, तरी सॉफ्टवेअरमध्ये पैसे ९० दिवसांनी येतील असं टाकून बघाच. नफा तेवढाच दिसेल, पण बँकेतली शिल्लक कुठल्या महिन्यात उणे होते ते लगेच कळेल. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागायला त्याच्या बरंच आधी जा. पगार थकले की चांगले कारागीर बुटीबोरीच्या एमआयडीसीची वाट धरतात हो!