अनमेल्डुंग नसलेली खोली देणं ही मदत नाही

सप्टेंबर लागला की जर्मनीतल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरावीक मजकूर फिरायला लागतो. "रूम अव्हेलेबल, ऑक्टोबर ते मार्च, दोन महिन्यांचं डिपॉझिट, अनमेल्डुंग नाही." खाली लगेच "इंटरेस्टेड", "दादा, डीएम केलाय" सुरू होतं. टाकणारा बहुतेक वेळा आपलाच कोणीतरी सीनियर असतो, आणि लोक वर त्याचे आभारही मानतात. मी म्युनिकमध्ये शिकले, इथेच नोकरी करते, आणि दर वर्षी नव्याने आलेल्या मुलामुलींचे फोन मला येतात. त्या अनुभवावरून सांगते, या पोस्टमधले शेवटचे दोन शब्द, म्हणजे "या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता येणार नाही", त्या मुलाचं पहिलं सेमिस्टर नासवू शकतात, आणि ते शब्द लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

भारतात बसून वाचणाऱ्या आईबाबांसाठी जरा सविस्तर सांगते. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. हीच अनमेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला एक कागद लागतो. अर्ध्या पानाचा असतो तो: पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं, घर देणाऱ्याचं नाव आणि सही. नोव्हेंबर 2015 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार हा कागद देणं घर देणाऱ्याला बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर त्याला 1000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. वेळेत नोंदणी न करणाऱ्या विद्यार्थ्यालाही होऊ शकतो.

या अर्ध्या पानावर इथलं सगळं उभं असतं. पत्ता नोंदवला की त्या पत्त्यावर टपालाने टॅक्स आयडी, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक येतो. तो नोकरी देणाऱ्याला दिला नाही, तर पार्ट टाइम कामाच्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. पुष्कळ बँका खातं उघडताना नोंदणीचा दाखला मागतात, आणि चालू खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, स्वतःचेच पैसे हातात येत नाहीत. भारतातून घेऊन आलेला व्हिसा बहुतेकदा काही महिन्यांचाच असतो. पुढचा राहण्याचा परवाना, तुमची नोंदणी ज्या शहरात आहे, तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय देतं. नोंदणीच नसेल तर अर्ज करायचा कुठे?

मागच्या हिवाळ्यात साताऱ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. अशाच एका खोलीत राहत होता. इथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. त्या सीनियरने याचं नाव पेटीवर लावू दिलं नव्हतं, कारण घरमालकाने पाहिलं असतं. विमा कंपनीचं पत्र परत गेलं, बँकेचं एटीएम कार्ड परत गेलं. मग या मुलाने कागदाच्या चिठोऱ्यावर आडनाव लिहून ते सेलोटेपने पेटीवर चिकटवायला सुरुवात केली. सकाळी पोस्टमन यायच्या वेळेला लावायचं, दुपारी काढून घ्यायचं. घरमालक दिसला तर "मित्राकडे आलोय" म्हणायचं, अशी सक्त ताकीद होती. भाडं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला, रोख. हे ऐकून मला भयंकर राग आला होता, अजूनही येतो.

असं का होतं? मूळ भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी घेतलेली नसते. काही वेळा खोली विद्यार्थी वसतिगृहातली असते आणि तिथेही विचारलेलं नसतं. कधी एका खोलीत दोन गाद्या टाकून दोघांकडून मिळून मूळ भाड्यापेक्षा जास्त वसूल केलेलं असतं. नोंदणी केली की हे सगळं उघड होईल, ही भीती असते. धोका दोघांनाही आहे: बिनपरवानगी पोटभाडेकरू ठेवला म्हणून मूळ भाडेकरूचा करार रद्द होऊ शकतो, आणि तो गेला की आतल्या मुलाला त्या घरात राहायचा काही हक्क उरत नाही.

"अगं ताई, पण घरमालक परवानगी देतच नाहीत" हे मला नेहमी ऐकवलं जातं. विचारलंय का, हा माझा प्रश्न असतो. राहत्या भाड्याच्या घराचा काही भाग दुसऱ्याला द्यायचा असेल आणि त्याला रास्त कारण असेल, उदाहरणार्थ एकट्याला भाडं झेपेनासं झालं, तर जर्मन कायदा भाडेकरूला परवानगी मागण्याचा हक्कच देतो. सबळ कारणाशिवाय मालक नाही म्हणू शकत नाही. खोली वसतिगृहातली असेल तर तिथल्या ऑफिसात विचारायचं. एक ईमेल लिहायची असते. ती लिहिली जात नाही, कारण परवानगी मागितली की भाड्याचा खरा आकडाही बाहेर येईल, ही भीती असते.

खोल्यांची टंचाई खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्युनिकमध्ये डब्ल्यूजीतली, म्हणजे किचन-बाथरूम सामाईक असलेल्या घरातली एक खोली 800 युरोच्या आसपास जाते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवायला लावतात, म्हणजे महिन्याला 992. त्यातून भाडं गेलं, विम्याचे दीडशेच्या आसपास गेले, की खायला काय उरतं ते तुम्हीच बघा. जर्मन सरकार स्वतःच्या विद्यार्थ्यांना जी शिक्षणमदत देतं, तिच्यात घरासाठी 380 युरो धरलेत. त्या पैशात या शहरात वसतिगृहाबाहेर खोली मिळणं जवळपास अशक्य आहे. दुसरीकडे म्युनिकच्याच फ्रायमान भागातली विद्यार्थ्यांची मोठी वसाहत बघा. 2021 मध्ये तिथल्या एका इमारतीला आग लागली, त्यानंतर दुरुस्तीच्या नावाखाली तिथल्या हजाराहून जास्त खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. यात सरकारची जबाबदारी मोठी आहे आणि त्यावर इथले विद्यार्थी ओरडतातही. पण सरकार कमी पडतं म्हणून आपण आपल्याच पोरांना लुटायचं?

आईबाबांनाही एक सांगायचंय. नाशिकहून एका मुलीचे वडील फोनवर मला म्हणाले, "मुलगा मराठी आहे, आपल्याकडचाच आहे, म्हणून डिपॉझिट पाठवून टाकलं." करार पाहिला नव्हता, नोंदणीचं विचारलं नव्हतं. आडनाव ओळखीचं निघालं एवढ्यावर विश्वास. अनोळखी जर्मन माणसाने हेच केलं असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. तेच दहा प्रश्न आपल्या माणसालाही विचारा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटइतकंच घेता येतं, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून जे भाडं होतं त्याच्या तिप्पट, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. मालक "सध्या लंडनला आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने पाठवतो" म्हणत असेल तर तिथेच थांबा. अशी खोली बहुतेकदा अस्तित्वातच नसते. पासपोर्टची प्रतही देऊ नका.

आणि मुलांनो, वसतिगृहाच्या यादीत नाव घालायला विमानात बसेपर्यंत थांबू नका. काही शहरांत ॲडमिशन हातात यायच्या आधीसुद्धा अर्ज घेतात. शहराच्या नावामागे धावू नका. माग्डेबुर्ग, केम्नित्झ, इल्मेनाऊ इथे चांगलं इंजिनिअरिंग शिकवतात आणि भाडं म्युनिकच्या निम्म्याच्या आसपास असतं. डब्ल्यूजीसाठी मेसेज टाकताना सगळ्यांना एकच इंग्रजी मजकूर चिकटवू नका. जाहिरात नीट वाचून चार वाक्यं जर्मनमध्ये लिहा, मोडकीतोडकी चालतील. पुण्यात मॅक्सम्युलर भवनाला जर्मनची ए-टू पातळी केलीय ना, मग वापरा ते. घरातले लोक तुम्हाला किचनच्या टेबलाशी बसवून चहा देतील आणि विचारतील, साफसफाईची पाळी पाळणार का, रविवारी काय करतोस, कांदा-लसणीच्या फोडणीचा वास किती येतो. खरी उत्तरं द्या. नकार येतील, भरपूर येतील. तेवढ्यासाठी अनमेल्डुंग नसलेली खोली सहा महिन्यांसाठी घेऊ नका. पहिले आठ-दहा दिवस कुणाच्या सोफ्यावर किंवा प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये काढलेले चालतात.

सोफ्यावरून आठवलं, मदत करणारे सीनियरही मी खूप पाहिलेत. परीक्षा तोंडावर असताना अनोळखी मुलीला स्टेशनवरून आणणारी, स्वतःच्या खोलीत पंधरा दिवस फुकट ठेवणारी, घरमालकाला रीतसर मेल टाकून तिचं नाव पेटीवर लावणारी मुलगी मला माहीत आहे. तिने कुठल्याही ग्रुपवर पोस्ट टाकली नव्हती.

मी आमच्या दोन ग्रुपच्या ॲडमिनशी बोलले आहे की "अनमेल्डुंग नाही" लिहिलेली महिन्याभरापेक्षा जास्त मुदतीची पोस्ट सरळ उडवायची. एकजण तयार झालाय, दुसरा म्हणतो की मग पोस्टच उरणार नाहीत. तुमच्या शहराच्या ग्रुपवर हे करता येईल का, ते कमेंटमध्ये सांगा. आणि या ऑक्टोबरला म्युनिकला येणाऱ्या कुणाच्या हातात जर्मन भाडेकरार पडला असेल, तर पैसे पाठवायच्या आधी तो मला मेसेंजरवर टाका, मी वाचून सांगेन. शनिवार-रविवारी उत्तर लवकर मिळेल.