बालवाडीच्या बाईंना उत्तर: केक, बदाम आणि चहा-चपाती

बाई, नमस्कार.

मुलांचा आहार आणि त्यांची चिडचिड यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच धारेवर धरलंत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बाईंनी आयुष्यभर बालवाडी चालवली. त्यांचं म्हणणं असं, की वर्गात वाढदिवसाचा केक आला की मुलं आवरत नसत आणि मी मात्र साखरेला निर्दोष सोडलं. बदाम, तूप, ब्राह्मीची टर उडवली. शाकाहारी घरांना उगाच घाबरवलं. शेवटचा टोला असा: 'मूल किरकिरतं म्हणून त्याला सुया टोचायला सांगणारी ही कसली आहारतज्ज्ञ?'

वर्गात जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, त्यावर मी कशाला शंका घेऊ? शंका आहे ती कारणाबद्दल. वाढदिवसाला केकबरोबर फुगे येतात, रंगीत कपडे येतात, रोजचं वेळापत्रक मोडतं आणि वर्गातलं प्रत्येक मूल 'मला फुलाचा तुकडा' म्हणून ओरडत असतं. यातून साखर तेवढी वेगळी काढायची तर आयांना कळू न देता पाहावं लागतं. तसं पाहिलंही गेलंय. १९९४ साली अमेरिकेत हूवर आणि मिलिच या दोघा संशोधकांनी पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांवर प्रयोग केला. गोड खाल्लं की आमचा मुलगा बिथरतो, असं त्यांच्या आयांचं ठाम मत होतं. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की यात भरपूर साखर होती. त्या आयांना आपलं मूल जास्त दांडगट वाटलं. वर त्या मुलाभोवती जास्त घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकतही राहिल्या. पुढच्याच वर्षी अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही साखरेमुळे वागणं बिघडल्याचं दिसलं नाही. दात किडणं आणि जेवणाची भूक मरणं, हे साखरेचे गुन्हे वेगळे आणि ते मला मान्यच आहेत.

केकवरच्या रंगाबद्दल मात्र तुमच्या बाजूनं बोलता येतं. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउथँप्टन विद्यापीठानं तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन) यांचं मिश्रण दिलं, तेव्हा चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता आणि दोष रंगाचा की बेन्झोएटचा हेही त्यातून सुटं करता येत नाही. तरी युरोपात २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या एकाग्रतेबद्दलचा इशारा छापावा लागतो. त्यातले टारट्राझिन आणि सनसेट यलो आपल्याकडे ठरावीक मर्यादेत चालतात. ते पिवळेधमक कुरकुरे प्रकार रोज डब्यात नकोत, इतकं मी बिनदिक्कत म्हणेन.

बदामाची टर मी उडवलेली नाही. खुशाल द्या, भिजवून द्या. पण हिशेब करा: चार बदामांत लोह जेमतेम पाव मिलिग्रॅम, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लागतं. बदाम दिला म्हणजे मेंदूची सोय झाली, या समाधानात बाकीच्या ताटाकडे दुर्लक्ष होतं. माझी तक्रार तेवढीच.

आणि लोह हाच माझ्या लेखाचा गाभा होता, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. तुमच्या वर्गात खडू खाणारी, भिंतीचे पोपडे खरवडणारी मुलं असतीलच. त्यांना 'घाणेरडी सवय' म्हणून ओरडा बसायचा. त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात लोह कमी असणार. मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टण तयार व्हायला लोह लागतं, डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बनायलाही लागतं. ते कमी पडलं की मूल लवकर थकतं, किरकिरतं, एका जागी मन लावत नाही, झोपेत पाय झाडतं. ही कमतरता रक्ताची लाली उतरायच्या आधीच सुरू झालेली असू शकते. कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ या संशोधिकेनं तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता असलेल्या मुलांचा माग किशोरवयापर्यंत ठेवला. लोह देऊन रक्त सुधारलं होतं, तरी दहा वर्षांनंतरही ती मुलं अभ्यासात आणि वागण्यात मागेच होती. मला धास्ती वाटते ती या उशिराची.

आपल्याकडची परिस्थिती बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. बोट टोचून घेतलेल्या थेंबावर हा आकडा फुगतो अशी टीका आहे आणि ती रास्त आहे. २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त तपासलं, तेव्हा देशभरात एक ते चार वर्षांच्या मुलांत ४१ टक्के निघाले. म्हणजे टीका मान्य केली तरी दहातली चार मुलं उरतातच.

कारण शोधायला लांब जायला नको. सकाळी चहा-चपाती, नाहीतर चहा-खारी. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, म्हणून चपातीतलं होतं नव्हतं तेही वाया. दुसरीकडे 'जेवत नाही, निदान दूध तरी पितो' म्हणत दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर बाटल्या. दुधात लोह नगण्य, आणि पोट दुधानंच भरलं की भाकरी-उसळीला जागा कुठली? त्यापेक्षा हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ आणि वर लिंबू, मेथीची भाजी, हळिवाचा लाडू. खाणाऱ्या घरात अंडं, कलेजी, जवळ्याची चटणी. वरणभातावर लिंबू पिळायची आपली रीत या कामी फार उपयोगी आहे. चहा मुलांना नकोच.

शाकाहाराबद्दल. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं, हे सांगणं म्हणजे घाबरवणं कसं? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं जवळच्या गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास १९९३ पासून चालवला. त्यातली मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा पाहिलं, तर गरोदरपणी ज्या आयांचं बी-१२ फार कमी होतं त्यांची मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचणीत मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत फरक नव्हता, हेही सांगायला हवं. उपाय शाकाहारी घरातही आहे: सुनेच्या, लेकीच्या ताटात रोज दूध-दही, आणि डॉक्टरांनी सांगितली तर गोळी. पाण्यासारख्या ताकावर भागत नाही.

राहिली सुई, म्हणजे रक्ततपासणी. मूल किरकिरलं की लॅब गाठा, असं मी लिहिलेलं नाही. फिकटपणा, माती-खडू खाणं, सतत थकवा, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांना वाटलं तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा. मनानं लोहाचं सिरप सुरू करू नका, जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी मात्र चुकवू नये. 'शी काळी होते' म्हणून ती फेकून देणारे पालक मला भेटतात. काळी होणारच, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

तुमचा चार वर्षांचा नातू रोज तीन मोठे पेले दूध पितो आणि दुपारी ताटावर रडतो, असं तुम्ही ओघात लिहिलंत. दोन लहान पेल्यांवर आणा, तेही जेवणाच्या दोन तास आधी-नंतर, पावडर न घालता. खडू-मातीची सवय असेल तर डॉक्टरांकडे न्याच. रिपोर्ट आला तर मला ईमेलवर पाठवा, इथे चारचौघांत टाकू नका.